हाड सांधेपर्यंत

माझ्या बायकोची छाती मधोमध चिरली होती. हृदयाची झडप आखडली होती, ती बदलायला. छातीचं हाड करवतीने उभं कापतात, आतलं काम झालं की दोन्ही बाजू जुळवून पोलादी तारेने बांधतात. डॉक्टरने मला हे कागदावर काढून दाखवलं. माझ्या बापाची होडी काथ्याने शिवलेली होती, त्यामुळे मला ते लगेच कळलं. फरक एवढाच की होडीची फळी आवळून धरली की भागतं. हाडाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींत रुजावं लागतं, आणि रुजेपर्यंत त्या हलता कामा नयेत.

घरी सोडताना डॉक्टर तिला म्हणाला, "आजी, तीन महिने काही उचलायचं नाही. घागर नाही, बादली नाही, नातवंडसुद्धा नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरा."

"आणि जेवाण कोण करतलो?" ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मीच केलं. लेक कसालला दिलेली, ती अधूनमधून येऊन जायची. बाकी विहिरीचं पाणी, भांडी, सगळं माझ्याकडे. तिला हात वर नेता येत नव्हते, म्हणून अंबाडाही मीच बांधायचो. अंबाड्याला तिने कधी नावं ठेवली नाहीत. खोबऱ्याला ठेवली.

आमच्याकडे नारळ खवायच्या विळीला आडाळो म्हणतात. पाटावर बसायचं आणि फोडलेल्या नारळाची अर्धी कवड दोन्ही हातांनी पात्यावर दाबून फिरवायची. माझ्या हाताने जाडंभरडं निघायचं, करवंटीचं काळंही त्यात यायचं.

"ह्यां खोबरां नाय, भुसो आसा," ती म्हणायची. "म्हशीक घाला."

"आपल्याकडे म्हस खंय आसा?"

"मगे तुमीच खावा."

एक दिवस मी बाजारातून पेडवे मासे घेऊन आलो तर ही आडाळ्यावर बसलेली. पुढ्यात पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग.

"गो, डाक्टरान काय सांगल्यान?"

"उचलू नको म्हणान सांगल्यान. मी काय उचललंय? बसलंय मी."

डॉक्टरने विळीचं नाव घेतलं नव्हतं, हे खरं. त्याच्या घरी कोण जमिनीवर बसून नारळ खवत असणार? आणि आम्हा दोघांच्या मते काम म्हणजे डोक्यावरचं ओझं. बसून केलं ते काम कसलं? पेडव्यांचं सार खूप दिवसांनी तिच्या हातचं झालं. मी पुन्हा भात मागून घेतला. मग ती रोजच बसायला लागली.

पुढे कूस बदलताना ती म्हणाली, "आत काय तरी वाजता." मी तळवा ठेवला. तिने श्वास घेतला आणि हाताखाली हाडाच्या दोन बाजू एकमेकींवर घासल्या. सैल झालेल्या फळीसारख्या. जखमेचं खालचं टोक लाल झालं, मग त्यातून पू यायला लागला.

परत इस्पितळात. डॉक्टरने विचारलं, घरी काय केलं. मी नारळाचं सांगितलं. त्याने थोडा वेळ डोळे मिटून घेतले.

"दोन्ही हातांनी जोर लावून?"

"होय."

"त्याने हाड दोन्हीकडे ओढलं जातं, बाबा." मग म्हणाला, तिला साखर आहे, जंतू एरवीही शिरले असते. हे खरं होतं की आमच्यासाठी म्हणाला, कोण जाणे. मी पुन्हा विचारलं नाही.

खालच्या तारा काढल्या. कुजलेलं हाड खरवडून टाकलं. छाती उघडी ठेवून आत स्पंज बसवला, त्याला नळी, नळीला पू ओढणारं यंत्र. जखम स्वच्छ झाल्यावर छातीचा स्नायू वळवून त्यावर बसवला. वरचं हाड तेवढं सांधलंय, तिथली तार राहू देतो, असं डॉक्टर म्हणाला.

ती घरी आली तेव्हा छातीच्या मधोमध, खालच्या भागात हाड नव्हतंच. तिथली कातडी हृदयाबरोबर वरखाली व्हायची. मला बघवत नसे. ती मात्र म्हणायची, "बघा, आता थेट आत डोकावूक गावता."

पावसाळ्यात ताप चढला. जंतू आत राहिलेच होते. त्यातून ती उठली नाही.

अस्थी गोळा करताना राखेत पिळलेली तार हाताला लागली. काळी पडली होती, पण पीळ सुटला नव्हता. लेक म्हणाली, "बाबा, ती बाजूक काढा." मी काढली नाही. अस्थींबरोबर तीही खाडीत सोडली. एवढी एकच धरून राहिली होती, मग वेगळी कशाला करायची?

लेक मिक्सर ठेवून गेली आहे. आडाळा मी तिला नेऊ दिला नाही. मासे आणले की त्यावर बसतो. अजून भुसोच निघतो.