सकाळी आठचा निरोप

छावणीतल्या गयास ड्रायव्हरला औरंगाबादेत ओळखणारी माणसं पुष्कळ होती, पण समुद्राचं भाडं त्याला नको असतं, हे फक्त त्याच्या गाडीमालकाला ठाऊक होतं. वेरूळ, शिर्डी, लग्नाचं वऱ्हाड, मयताला निघालेली माणसं, कुठंही पाठवा, तो बिनतक्रार जायचा. कोकण म्हटलं की मात्र, घाटात कंबर धरते, दुसऱ्याला द्या, म्हणायचा. मालकानं चार वर्षं ही कंबर ऐकून घेतली. चांगला ड्रायव्हर हातचा जाऊ नये म्हणून तो फार खोलात शिरला नाही.

गयासच्या बापाचा टांगा होता. पोलिस ॲक्शननंतर गिऱ्हाईक तुटलं, तरी म्हातारा घोडं सोडत नव्हता. पोरानं मात्र चौदाव्या वर्षीच ट्रकची किन्नरी धरली. पुढं वैजापूरहून कापसाच्या गाठी वाहिल्या, मग प्रवासी बसवर आला. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, याचा त्याला अभिमान होता. त्याची एकच सवय होती. रात्रीच्या प्रवासात एखादा बोलका माणूस पुढं बॉनेटवर बसवून घ्यायचा. गप्पा चालू राहिल्या की डोळा लागत नाही.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत वाळूजच्या एका कारखान्यातल्या अडतीस पोरांनी त्याची बस ठरवली. बजाजनगरात एकेका खोलीत पाच-पाच जण राहणारी, खेड्यापाड्यांतून आलेली पोरं. निम्म्याहून अधिकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. रत्नागिरीच्या बाजूला पालवेळ नावाचं गाव आहे. तिथं किनारा कोयत्यासारखा आत वळलेला आणि दोन्ही टोकांना डोंगर उतरलेले. नवीनच दोन रिसॉर्ट झाली होती. त्यातलं एक कुणाच्या तरी ओळखीचं निघालं आणि पोरं शुक्रवारी संध्याकाळी पाळी सुटल्या सुटल्या गाडीत बसली.

त्या रात्री बॉनेटवर बसला तो रामकिसन. तेवीस वर्षांचा, प्रेसवर काम करणारा, वैजापूरकडचा. नगर गेलं, पुणं गेलं, मागं सगळी घोरायला लागली, पण हा गडी जागा. त्याची आई सरूबाई मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. तिच्या हाताचा वास साबणानं जात नाही, म्हणून ती भाकरी करताना आधी हाताला राख चोळते, असलं काहीबाही तो सांगत राहिला. मध्येच त्यानं विचारलं, समुद्र म्हणजे आपल्या नाथसागरासारखाच असेल ना? गयास हसला. नाथसागर एका जागी राहतो, समुद्र जागेवर राहत नाही, असं त्यानं सांगितलं. घाट उतरेपर्यंत त्या पोरानं गयासला एकदाही जांभई येऊ दिली नाही.

सकाळी आठला गाडी पालवेळला लागली. पोरं चपला हातात घेऊन पुळणीवर धावली. गयास टपरीवर चहा प्यायला थांबला. शेजारी एक म्हातारा कोळी जाळ्याची भोकं सांधत बसला होता. त्यानं बसकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि म्हणाला, "उधाणाचे दिवस आहेत. दुपारी पाणी उतरायला लागलं की त्या काळ्या खडकाच्या अंगाला पोरांना जाऊ देऊ नको. तिथं आत ओढतं."

"सांगतो," गयास म्हणाला.

त्याच्या मनात सांगायचं होतंच. पण पोरांचा म्होरक्या तेवढ्यात होडीत बसून टोकाला वळसा घालायला गेला होता. होडी परतली तर सगळेजण, मोठाले मासे उड्या मारताना दिसले, असं सांगत होते. मग दीपगृह झालं. मग डोंगराच्या पोटातली एक घळ पाहिली. तिच्यात लाट शिरली की वरच्या भोकातून पाण्याचा फवारा पुरुषभर उडायचा. रामकिसन तिथं दहा वेळा भिजला. दुपारी खानावळीत सुरमईचं जेवण झालं. जेवताना गयासला निरोप आठवला, पण तोंडात घास होता. हात धुऊन सांगू म्हणाला. हात धुतले, बस सुरूच्या सावलीला लावली, मागच्या लांब सीटवर पाच मिनिटं पाठ टेकली. चौदा तास गाडी हाकलेला माणूस तो.

पत्र्यावर कुणीतरी मुठी आपटत होतं, त्यानं त्याला जाग आली.

चार पोरं ओढली गेली होती. कोळ्यांनी तिघांना केसाला, शर्टाला धरून काढलं. रामकिसन सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, दीपगृहाच्या खालच्या अंगाला.

पोलिसांनी जबाब घेतला. मी गाडीत झोपलो होतो, असं गयासनं लिहून दिलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही आणि गयासनं त्याचं नाव काढलं नाही. परतीच्या वाटेवर सदतीस पोरांतलं कुणी पुढं बॉनेटवर येऊन बसलं नाही.

यानंतर तो माणूस बदलला असं कुणी म्हणालं नसतं. नमाज, गाडी, घर, सगळं तसंच चालू होतं. फक्त दुपारी आडवं व्हायचं त्यानं सोडलं. त्याची बायको सगीरा घरी शिवणकाम करायची. तिला वाटलं, वय झालं, झोप कमी झाली.

चार वर्षांनी, एका गुरुवारी, छावणीचा बाजार भरला असताना दारात एक बाई उभी राहिली. अंगावर धुऊन विरलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. रामकिसनची आई, असं तिनं सांगितलं. बजाजनगरातल्या पोरांकडून पत्ता काढत आली होती. तिचा नवरा कारभारी पोराच्या मागं दोन वर्षांत गेला. भाऊबंद म्हणत होते, गेलेल्या माणसाची जागा कशाला बघायची. ती कुणाचं ऐकायला तयार नव्हती.

"मला ते पाणी बघायचंय, भाऊ," ती म्हणाली. "गावाचं नाव सुदिक मला धड म्हाईत नाय."

गयासनं कंबरेचं कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सगीरा बाहेर आली, तिनं बाईला बसवलं, पाणी दिलं, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून आपणच बोलली, "जाएंगे. मैं भी आती."

तिघं एसटीनं निघाले. बायका पुढच्या सीटवर, गयास मागं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस. घाटात प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला जायचा. शेवटच्या वळणावर झाडी बाजूला झाली आणि खाली तो आत वळलेला किनारा दिसला. निळं पाणी, पांढरी फेसाची कड, सुरूचं बन, पलीकडं दीपगृह. सरूबाईनं खिडकीची दांडी धरली. पुष्कळ वेळ पाहून ती सगीराला म्हणाली, तिच्या मनात ते पाणी काळंच होतं, शेवाळल्या बारवेसारखं. इतकं देखणं असेल असं वाटलं नव्हतं. पोरगं का गेलं पाण्यात, ते आता कळलं, असंही म्हणाली. पण म्हणताना तिच्या आवाजात रागच होता.

गाव ओळखू येत नव्हतं. दोनाची अकरा रिसॉर्ट झाली होती. पुळणीवर घोडागाडी फिरत होती, मक्याची कणसं भाजत होती, नव्यानं लग्न झालेली जोडपी फोटो काढत होती. सरूबाईनं त्यातलं काही पाहिलं नाही. तिला एकेक गोष्ट हवी होती. बस कुठं उभी होती. रामकिसन जेवला कुठं, काय जेवला. कपडे कुठं काढून ठेवले होते. गयास दाखवत गेला. तिनं ती जागा पायानं चाचपून पाहिली आणि तिथंच वाळूत बसली. सगीरा तिच्याजवळ बसली.

"तुम्ही कुठं व्हता तवा?" तिनं विचारलं.

गाडीत झोपलो होतो, एवढं सांगून थांबता आलं असतं. तेच तो पोलिसांत बोलला होता, मालकाला बोलला होता, बायकोलाही. पण तिनं मान वर करून सरळ पाहिलं आणि चार वर्षं धरून ठेवलेलं त्याच्या तोंडून सुटलं. टपरी, म्हातारा, उधाण, काळा खडक, तोंडातला घास, सगळं त्यानं उभ्यानंच सांगितलं. सगीरानं पदर तोंडाला लावला. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

सरूबाई रडली नाही.

"म्हाताऱ्यानं किती वाजता सांगितलं?"

"सकाळी. आठ वाजले होते."

"अन् पोरं पाण्यात कवा गेली?"

"दोनच्या पुढं."

तिनं मनातल्या मनात हिशेब केला असावा. मग म्हणाली, "सहा घंटे व्हते की, भाऊ."

गयास खाली बसला. मग तीच सावकाश बोलली, "तुम्ही सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का, मला सांगता यायचं नाय. माझं तरी कुठं ऐकायचा. पण सांगायला पायजे व्हतं."

"हौ," गयास म्हणाला.

त्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं होतं. नगरकडची म्हणून सांगणारी सहा-सात कॉलेजची पोरं हसत-खिदळत काळ्या खडकाच्या बाजूला निघाली. गयास उठून त्यांच्यामागं धावला. तिथं जाऊ नका, आत ओढ आहे, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. चाचा, पोहता येतं आम्हाला, असं म्हणून एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती पुढं गेली. तेव्हा सरूबाई उठली. लुगड्याचा काठ भिजतोय याची शुद्ध तिला नव्हती. ती पोरांच्या पुढं जाऊन घोटाभर पाण्यात उभी राहिली.

"माझं पोरगं हितंच गेलं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमच्यायवढंच व्हतं."

पोरं थांबली. एकेकानं नजर चुकवली आणि ती परत फिरली. ती तशीच पाण्यात उभी राहिली, लाट येऊन पायाखालची वाळू ओढून नेत होती आणि तिचा तोल जात होता. सगीरानं जाऊन दंडाला धरून तिला बाहेर आणलं. तेव्हा कुठं ती रडली, सगीराच्या खांद्यावर, अंगातलं सगळं बाहेर पडावं तशी. गयास चार पावलं दूर उभा होता. जवळ जावं की नाही, हे त्याला कळेना, आणि तो गेला नाही.

परतीच्या दोन दिवसांत ती त्याच्याशी बोलली नाही. सगीराशी बोलायची, तिच्या हातचा डबा खायची. वैजापूरच्या गाडीत बसताना तिनं सगीराच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गयासला नुसती मान हलवली.

घरी आल्यावर सगीरा एवढंच म्हणाली, "मेरेकू तो बोलना था." त्यानंतर पुष्कळ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

पुढच्या महिन्यात गयासनं मालकाला सांगितलं, समुद्राचं भाडं आलं तर मला द्या. मालकानं कंबरेची चौकशी केली नाही. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं तो बजाजनगरची, शहरातली, शाळा-कॉलेजांची माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानं नेत राहिला. गाडी लावली की आधी गावातल्या माणसाला पाण्याची वेळ विचारायचा आणि गाडीतून कुणी उतरायच्या आत दारात उभा राहून सगळ्यांना सांगायचा. पुष्कळ जण वैतागायचे. फिरायला आणलंय की शाळेत, असंही काही म्हणायचे. पाण्यात शेवटचा माणूस असेपर्यंत तो वाळूत बसून राहायचा, उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. त्यानं कुणाला वाचवलं असं सांगता येत नाही. त्याच्या गाडीतला पुन्हा कुणी गेला नाही, इतकंच.

सरूबाईला तो आणखी एकदा भेटला. वैजापूरला वऱ्हाड घेऊन गेला होता, हातात मोकळा वेळ होता, म्हणून चालत मार्केट यार्डात गेला. कांद्याच्या ढिगाऱ्यांमध्ये बायका निवडायला बसल्या होत्या. त्यांत ती ओळखू आली. बरीच वाळली होती. त्याला पाहून उठली, हात झटकले, चहा मागवला. पावसानं कांदा कसा सडला, यंदा बायका कशा मिळत नाहीत, असं बोलत राहिली. सगीराची चौकशी केली. मुलाचं नाव दोघांनीही काढलं नाही. चहा संपला तसा गयासनं समुद्रावर पोरांना कसं सांगतो, कसा बसून राहतो, ते सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं.

"चांगलं करता," ती म्हणाली. मग फाटकापर्यंत त्याच्याबरोबर आली. "पण परत हिकडं येऊ नका, भाऊ. सगीराला पाठवा कवा तरी. तुम्हाला बघितलं की मला ते सहा घंटे दिसत्यात."

गयासनं मान डोलावली. तो यार्डातून बाहेर पडला, कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या रांगेला वळसा घालून मंगल कार्यालयाकडं निघाला. पुन्हा कधी गेला नाही. वर्षाकाठी एकदा सगीरा जायची, दिवाळीच्या सुमारास, एक दिवस राहून यायची. आल्यावर तो विचारायचा नाही आणि तीही आपणहून सांगायची नाही. तिसऱ्या वर्षी मात्र सगीरा सकाळी वैजापूरला गेली आणि त्याच संध्याकाळी परत आली, तेव्हा तो ओट्यावर बसला होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गुजर गई. आषाढ में." तो उठून आत गेला, हात-पाय-तोंड धुऊन वुजू केला, आणि सांजेच्या मगरिबच्या नमाजाची अजान व्हायला अवकाश होता तरी जानमाज अंथरून त्यावर बसला.