टोपीला डाग नको

देवळात, लग्नात किंवा मयतीला धूरमामांनी टोपी काढलेली राहुरीत कुणी पाहिली नाही. पुढारी घरी आला तरी ती डोक्यावरच असायची. ती निघायची फक्त चालू डिझेल इंजिनापुढे. मालकाला रेस द्यायला सांगून मामा गाडीच्या मागे जात, डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपी सायलेन्सरच्या तोंडासमोर धरत आणि मग ती उन्हात नेऊन ज्योतिष्याने पत्रिका बघावी तशी बघत. करडी झाली तर ठीक. काळी झाली तर मालकाची सात पिढ्यांपर्यंत चौकशी होई. मामी म्हणायच्या, "यांच्या टोप्या धुतलेल्या पान्यानं आमी दार रंगिवलंय." दार काळंच होतं, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या बाकीच्या बोलण्यातून चार आणे वजा करायची गावाची पद्धत आहे, ती वाचकांनीही पाळावी.

आमची ओळख माझ्या पिकअपने करून दिली. ती चंदनापुरी घाट अशी चढायची की पायथ्याला सुके असलेले कांदे माथ्यावर मोड फुटून पोचत. एकदा धक्का द्यायला आलेल्या गड्याचं वर जाईपर्यंत लग्न ठरलं. शेवटी कुणीतरी नगर रस्त्यावरच्या मामांच्या गॅरेजचा पत्ता दिला. मामांनी बॉनेट उघडलंच नाही. मागे उभे राहून त्यांनी धूर हुंगला, फोडणी जळाली का ते बघावं तसा, आणि म्हणाले, "हिला खायला कमी घालत्यात. डबी बसवू."

डबी म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी, पुण्याहून कुरिअरने येणारी वस्तू. नव्या गाड्यांना डोकं असतं आणि इंजिनात किती डिझेल फवारायचं ते तेच ठरवतं. डबी बसते इंजिन आणि डोकं यांच्यामधल्या वायरीत. मामांनी मला समजावलं, "नळीत डिझेलचा दाब भरपूर असतो. पन डबी वर निरोप देती, दाब कमी पडला. डोकं बिचारं भोळं, खरं मानतं आन् वाढवून देतं."

"म्हणजे ती खोटं बोलते?"

"व्हय. तुझी लांबची बहीन हाय ती." मामा हसले. "पन खोटं पचंल येवढंच बोलावं, भाच्या. लई बोललं की धूर काळा पडतो. तरी थांबलं न्हाई तर पिस्टन जळतो."

डबी काय, कुणीही बसवतं. ती जुळवणं हे खरं काम. मामा तिचा छोटा स्क्रू केसभर फिरवत, पळत मागे जात, टोपी धरत, पुन्हा पुढे येऊन अर्धा केस मागे घेत. पिकअपला अख्खी सकाळ गेली आणि मामींनी घरातून आणखी टोप्या पाठवल्या. त्यानंतर पिकअप अशी निघाली की दुसऱ्या दिवशी नगरच्या बाजारात मी गेट उघडायच्या आधी पोचलो, आणि ते गेट आदल्या दिवसाचं होतं.

मामांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. "डिझेल कुनीबी वाढवंल, हवा कुठनं आननार?" जेवढी हवा आत जाते तेवढंच डिझेल जळतं, वरचं काळं होऊन बाहेर पडतं. काळा धूर म्हणजे त्यांच्या लेखी ताटात टाकलेलं अन्न. श्रीगोंद्याचा एक हौशी ट्रॅक्टरवाला आला आणि म्हणाला, "मामा, असा धूर काढून द्या की मागच्याला रस्ता दिसला न्हाई पायजे." मामा म्हणाले, "त्याला डबी कशाला? घरी जा आन् टायर पेटव." माझ्या गप्पा ऐकूनही ते टोपी काढून माझ्या तोंडासमोर धरायचे. "बग, काळी झाली. डिझेल लई, हवा कमी."

दुसऱ्याच्या इंजिनाची हवा मोजणाऱ्या या माणसाला स्वतःची कमी पडतेय हे सगळ्यांच्या शेवटी कळलं. आधी खोकला आला. मग गाडीच्या पुढून मागे जाताना मध्ये टायरवर बसावं लागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं धुराने गेली आहेत, झालेलं माघारी येणार नाही, आता धुराजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. मी धावत जाऊन भारीतला मास्क आणून दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर मामांनी तो सायलेन्सरच्या तोंडाला बांधला होता. "झ्याक काम करतो," ते म्हणाले. "टोपी वाचली."

मी ओरडलो, मामी रडल्या. आम्ही गॅरेजला कुलूप लावलं, तर गाड्याच घरासमोर येऊन उभ्या राहायला लागल्या. लोक म्हणायचे, मामांनी फक्त हुंगून सांगावं. आणि मामा हुंगायचे. त्यांचा खोकला ऐकून मग मालकच शरमेने इंजिन बंद करायचा.

गेल्या उन्हाळ्यात ते खाटेवरून उठेनासे झाले. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मी गेलो की मशीनची घरघर ऐकत म्हणायचे, "फिल्टर भरलाय हिचा." मी फिल्टर काढून झटकायचो, धुवायचो. मशीनचा आवाज सुधारायचा. मामांचा तसाच राहायचा.

एका दुपारी त्यांचा श्वास फारच वर लागला होता. माझा हात मशीनच्या बटनाकडे गेला. घाट चढवणारा, बाजार मागे सोडणारा मी, मला एवढंच सुचलं की जरा वाढवून द्यावं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय, जास्ती सोडलं तर वंगाळ. बराबर हाय त्याचं. मिस्त्री चांगला हाय."

मग मी बोटाला लावायचा चिमटा त्यांच्या बोटाला लावला. रक्तात हवा किती ते त्यावर आकड्यात दिसतं. शंभराच्या जवळ असावं, मामांचं नव्वदीला टेकलं तरी डॉक्टर खूश व्हायचे. आकडा आला एक्क्याऐंशी. मी चिमट्यावर हात धरला.

"किती?"

"शहाण्णव," मी म्हणालो. "मामा, माझं बी येवढं भरत न्हाई. उद्या गॅरेज उघडू."

मामांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं धूर बघणारे डोळे होते ते. हसायला गेले आणि खोकला आला, तो थांबायची मी वाट बघत बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"डबी बसवतो व्हय मला?" श्वास गोळा करून ते म्हणाले. "लई बोललास. पचंल येवढं बोल."

मी चिमट्यावरचा हात काढला नाही. गावात माझी काय ख्याती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो.

"हां." त्यांनी डोळे मिटले. "आता बसलं."

मागच्या अंगणात मामी टोपी धूत होत्या. टोपीवर धुण्यासारखं काहीच नव्हतं.