साडूंची गॅलरी

खानदेशात कष्टाशिवाय सर्वांत जास्त कौतुक कोणाच्या पदरात पडले असेल, तर ते माझ्या थोरल्या साडूंच्या. हे मी चिडून लिहीत नाही. चिडण्याचे दिवस आता गेले. जिनिंग-प्रेसमध्ये काट्यावरचा कारकून म्हणून मी सव्वीस वर्षे काढली आहेत. कापसाची गाठ असो की माणूस, जोखताना पारड्याला बोट लावायचे नाही ही माझी सवय. त्या सवयीने सांगतो, साडूंच्या अंगी अभिनय नव्हता, पाठांतर नव्हते, वेळेचे भान नव्हते. आवाज मात्र होता. बाजारात उभे राहून हाक मारली तर नदीपलीकडचा धोबी हातातले कापड खाली ठेवून "ओ" देई.

त्यांचे कंदिलांचे दुकान होते आणि ते बहुधा बंद असे, कारण साडू थेटरात असत. आमच्या तालुक्याच्या गावी एकच थेटर: भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचे, आणि आत तीन बाजूंनी लाकडी गॅलरी. खाली बाके, वर एकशे ऐंशी माणसांची जागा. मोठ्या नाटक कंपन्या धुळ्याहून परस्पर अमळनेरला निघून जात, तेव्हा आमच्या थेटराला हौशी मंडळींचाच आधार होता, आणि हौशी मंडळी म्हणजे साडू. राजाचा वाडा दाखवायचा तर वकिलांकडचा झोपाळा आणायचा, डॉक्टरांची आरामखुर्ची आणायची, माझ्या घरचा गालिचा न विचारता न्यायचा. त्यामुळे पडदा वर गेला की निम्मे गाव नटांकडे न बघता आपापल्या सामानाकडे बघत बसे. एकदा साडू मरणासन्न राजा झाले होते. राणी रडते आहे, प्रधान रडतो आहे, खाली बायका पदर डोळ्यांना लावताहेत, आणि साडूंनी मान उचलून दाराकडे पाहिले. "अण्णा, उभे का? पुढे या, दुसऱ्या बाकावर जागा आहे." अण्णा येऊन बसेपर्यंत राजा जिवंत राहिला, मग मेला. माझ्यासारख्याने असे केले असते तर गावाने नारळाच्या करवंट्या फेकल्या असत्या. साडूंसाठी टाळ्या पडल्या, आणि सहा महिने "अण्णा, पुढे या" हे वाक्य गावात चालले.

आकडा त्यांच्या तोंडून कधी धड निघाला नाही. मी दारात उभा राहून तीनशे बारा माणसे मोजावीत आणि साडूंनी दुसऱ्या दिवशी बाजारात सांगावे, "काल दोन हजार लोक होते, साडूभाऊंना विचारा." माझाच दाखला! मी घरी तक्रार केली की बायको म्हणे, "तुम्ही मोजत बसलात. भाऊजींनी नाटक केलं." ती धाकटी, साडूंची बायको थोरली. आखाजीच्या सणाला सासुरवाडीला गेलो की खापरावरचा पहिला मांडा साडूंच्या ताटात पडे. दुसरा माझ्या. दुसरा पहिल्याइतकाच मोठा असतो, हे मला माहीत आहे.

मग थेटरावर नगरपालिकेची नोटीस लागली. गॅलरी धोक्याची आहे, माणसांचे वजन पेलणार नाही, सबब इमारत उतरवून जागा भाजीबाजाराला द्यावी, असा मजकूर होता. साडू त्या नोटिशीखाली पाटावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने ती वाचून दाखवू लागले. आठ दिवसांत गाव पेटले. सह्या झाल्या, सभा झाली, भडगावहून पाहुणे आले तेही सही करून गेले. पण सह्यांनी तुळई मजबूत होत नाही. मी रविवारी शिडी लावून वर चढलो, तुळया मोजल्या, टोचून पाहिल्या, खांबांमधले अंतर घेतले आणि तीन रात्री हिशेब केला. गॅलरी दुप्पट वजन पेलत होती. साडूंना म्हणालो, "ओव्हरसियरला बोलवा. त्याच्यासमोर गॅलरीवर वजन ठेवून दाखवू. आमच्या प्रेसची एक आवळलेली गाठ म्हणजे तीन माणसं. साठ गाठी ठेवल्या की एकशे ऐंशी माणसं झाली." चिठ्ठीवरही लिहून दिले: साठ गाठी.

साडूंनी चिठ्ठीतला साठ तेवढा घेतला. परीक्षेच्या दिवशी मी प्रेसमधून सुटून आलो तो सगळा गाव थेटरात जमलेला. गॅलरीच्या मागच्या बाजूला कापूस छतापर्यंत रचलेला, कठड्याला झेंडूच्या माळा, आणि ओव्हरसियर तुळई वाकते का ते कळायला तिच्याखाली ताणलेल्या दोरीकडे बघत मान डोलावत होता. मी वर पाहिले. त्या गाठी नव्हत्याच! सैल कापसाची साठ पोती होती ती. आकाराने गाठीपेक्षा मोठी, वजनाने जेमतेम एकेक माणूस.

"अहो, हे काय आणलंत?" मी कुजबुजलो.

"गाठ जिन्यात अडकते, साडूभाऊ. आणि पोतं कसं भरघोस दिसतं!"

ओव्हरसियरने सहीसाठी टाक उचलला होता. मी गप्प राहिलो असतो तर थेटर वाचले असते. पण मी म्हणालो, "साहेब, हे वजन तिसरा हिस्साच आहे." त्यात खरे बोलण्याची ओढ किती आणि चारचौघांत साडूंचे नाक खाली व्हावे ही इच्छा किती, ते जोखायला माझ्याजवळ काटा नाही. टाक खाली आला. माझ्या बायकोने तोंड फिरवले.

साडूंनी मला विचारले, "किती कमी पडतं?"

"एकशे वीस माणसं."

"ह्यॅ! एवढंच? तुमचा चेहरा बघून मला वाटलं हजार-दीड हजार." आणि ते गर्दीकडे वळले आणि आपला तो आवाज लावला. "चला हो! वर चला! एकशे वीस जण पाहिजेत, थेटर आपलं आहे की नाही ते आज ठरायचंय!"

लोक जिन्यावर तुटून पडले. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मोजू लागलो. घाण्याचे तेल विकणारी लठ्ठ अक्का म्हणाली, "मी एकलीच दोन माणसेस्ना भार शे भाऊ, दोन मोज!" लोक हसले. मला हसू येईना. तुळई माझ्या कागदावर भक्कम होती. आता तिच्यावर जिवंत माणसे चढत होती, केवळ माझ्या बेरजेच्या भरवशावर. चाळिसावा हमाल, एकेचाळिसावे देवळातले पुजारी. एकोणसाठाव्या नंबरला माझी बायको पायरीशी थांबली.

"आकडा बरोबर आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग जाते." आणि पदर खोचून ती वर गेली.

एकशे वीस झाले. साडूंनी वरून सगळ्यांना एकदम उभे राहायला लावले, एकदम बसायला लावले. तुळई दोरीकडे ज्वारीच्या दाण्याएवढी झुकली, जास्त नाही. ओव्हरसियरने सही केली, पण अट घातली: दर वर्षी दिवाळीआधी एकशे ऐंशी माणसे वर चढवून दाखवायची, तरच पुढल्या वर्षाचा परवाना.

ढोल आले, हार आले, आणि ते कोणाच्या गळ्यात पडले हे सांगायला नको. तेही मी सोसले असते. पण दुसऱ्या दिवशी केस कापायला बसलो तर न्हावी म्हणतो, "भाऊंचं डोकं बघा! मुद्दाम हलकी पोती आणली, म्हणजे गावाला वर चढता यावं. एक झालं ना सगळं गाव!" तिसऱ्या दिवसापर्यंत हेच बठ्ठ्या म्हणजे अख्ख्या गावाचे मत झाले. मी साडूंना गाठून म्हणालो, "खरं काय ते सांगा लोकांना." ते म्हणाले, "सांगितलं हो, कोणी ऐकत नाही." सांगितले असेलही. त्यांच्या तोंडून खरी गोष्टसुद्धा नाटकातली वाटे.

दर वर्षी मग तो एक सणच झाला. साडू हाका मारीत, गाव नवे कपडे घालून गॅलरीत चढे, मी जिन्याशी मोजून कागदावर आकडा घालून सही करी. खाली उतरल्यावर साडू सगळ्यांना सांगत, "पाचशे होते!" मी म्हणे, "एकशे ऐंशी." ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "असू दे, असू दे, तुमचंही खरं."

गेल्या फाल्गुनात तीन दिवसांच्या तापाने साडू गेले. दिवाळी जवळ आली, तशी मी वळणदार अक्षरात सूचना लिहून थेटराच्या खांबाला लावली: वार, वेळ, माणसांची संख्या. ठरल्या वेळी चौदा जण आले. बायको म्हणाली, "कागद वाचून कोण येतं? हाक मारा." मी चौकात जाऊन हाक मारली. काट्यावर नंबर पुकारणारा माझा आवाज. तो पानाच्या दुकानापर्यंतही गेला नाही. तेव्हा दारोदार फिरलो. तेलवाल्या अक्काने दारातूनच विचारले, "भाऊना थेटरनं काम शे ना? हाई उनूच मी," आणि ती निघालीही. प्रत्येक दारी भाऊंचेच नाव निघाले. दुसऱ्या एखाद्या वर्षी ते मला झोंबले असते.

दुपार कलली तरी माणसे येतच होती. मी जिन्याशी मोजत होतो. वर कोणी हसत नव्हते. सगळे आपापल्या जागी नीट बसले होते. मी स्वतःलाही मोजले. मग रस्त्याकडे पाहिले. कोणी येत नव्हते. नवा ओव्हरसियर तरुण होता, त्याला गाडी गाठायची होती.

"किती भरले?" त्याने विचारले.

एकशे एकोणऐंशी भरले होते.

"एकशे ऐंशी," मी म्हणालो, आणि कागदावर तसे लिहून खाली सही केली. वर पहिल्या रांगेत कठड्याला टेकून बायको बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. तीही मोजत होती.