मुबीनाचा पहिला रोजा आणि माझी छोटीशी प्रार्थना

माझ्या प्रार्थनेने आजवर किती जणांचं भलं झालं, ते मला माहीत नाही. पण एका सात वर्षांच्या मुलीचा पहिला रोजा त्याच प्रार्थनेने सहा मिनिटांनी वाढवला, याला मात्र वीसेक साक्षीदार आहेत. त्यात माझी बायकोही आहे. म्हणजे ही गोष्ट विसरली जाण्याची सोय नाही!

झालं असं की, आमच्या रूथने चर्चमधल्या कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट केला. तिचं म्हणणं, आपण मुसलमान शेजाऱ्यांच्या दुकानात रोज जातो, पण ते काय मानतात हे कधी विचारत नाही. तर जाऊन विचारू या. पोरं आधी मशीद पाहून आली. मग तिकडची मुलं नाताळात आमच्याकडे येऊन करंज्या खाऊन गेली. आणि रमजानमध्ये शेख सरांनी सगळ्या गटाला आणि आम्हा नवराबायकोलाही इफ्तारला घरी बोलावलं. शेख सर आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ते गणित, मी मराठी. (गणिताचा माणूस मोजकं बोलतो. मराठीच्या माणसाबद्दल तुम्हीच समजून घ्या.)

निघताना रूथने मला दारातच अडवलं.

"पप्पा, आपण शिकायला चाललोय. शिकवायला नाही."

"म्हणजे मी तोंडच उघडायचं नाही?"

"उघडा ना. खजूर घालायला!"

शेख सरांच्या घरी पोचलो, तर समोर त्यांची नात मुबीना. नवा कोरा हिरवा ड्रेस, गळ्यात मोगऱ्याचा हार आणि चेहरा पार सुकलेला. तिचा आयुष्यातला पहिला रोजा होता. बाहेर सोलापूरचं ऊन, पत्रे तापलेले, आणि या एवढ्याशा मुलीने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिची दादी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होती.

"दोपैर से बोल रई मैं, छोड दे बेटा, बच्चों को माफ है. सुनतीच नै!"

आमच्या गटातला शमुवेल मूळचा मंगळवेढ्याचा. त्याला राहवेना. "तहान न्हाय लागली व्हय गं तुला?"

"लगी ना," मुबीना म्हणाली. "पण सोडणार नाही. अल्ला बघतोय ना."

शमुवेलने हातातली पाण्याची बाटली गुपचूप पिशवीत घातली.

शेख सरांनी जाहीर केलं, "आज घरातला पहिला खजूर मुबीनाचा. तिने रोजा सोडला की मग आम्ही." दस्तरखान अंथरलं होतं. त्यावर कलिंगडाच्या फोडी, गरम भजी, गुलाबी सरबताचे गार ग्लास. आणि त्याभोवती दिवसभर उपाशी असलेली डझनभर माणसं, तळहात वर करून, ओठातल्या ओठात पुटपुटत, शांत! एक हात भज्यांकडे सरकला नाही. मी बघतच राहिलो. आमच्या घरी बिर्याणीचं झाकण निघायच्या आत चमचे आत गेलेले असतात.

आणि अशा वेळी शेख सरांकडून, निव्वळ सौजन्यापोटी, चूक झाली.

"साळवे सर, दोन मिनिटं आहेत. तुम्हीही तुमच्या पद्धतीने एक छोटीशी दुआ करा."

रूथने मला डोळ्यांनी 'नको' म्हणून सांगितलं. पण माझे डोळे तोवर मिटले होते!

आमच्यात प्रार्थना डोळे मिटून आणि मनाला येईल तशी करतात. पुढ्यात लिहिलेलं काही नसतं, त्यामुळे ती संपतही नाही. मी शेख सरांच्या घरापासून सुरुवात केली. मग गटातल्या नऊ जणांच्या परीक्षा, नावानिशी. मग यंत्रमागावरचे कामगार, एसटीचे चालक, उजनीचं पाणी. उजनीत असतानाच रोजा सोडायचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ अजान सुरू झाली. मला वाटलं, आपला आवाज कमी पडतोय. मी वाढवला.

इकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. भोंगा होताच मुबीनाने खजूर ओठांपर्यंत नेला आणि थांबली.

"खा बेटा," शेख सर कुजबुजले. तिने नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ती खाईना म्हणून कुणीच खाईना. दादी सरबताचा ग्लास हातात धरून तशीच अवघडून बसली.

शेवटी रूथने युक्ती काढली. "आमेन!" ती मोठ्याने म्हणाली. पोरं हुशार, सगळी एका सुरात, "आमेन!" दुसरा कुणीही थांबला असता. पण आमच्यात मध्येच आमेन म्हटलं की त्याचा अर्थ, शाबास, चालू द्या! त्यात यजमानांनीही पाहुण्यांचा मान राखून "आमीन" म्हटलं. तीस वर्षांत मला असा प्रतिसाद मिळाला नव्हता! मी थेट राज्यकर्त्यांवर गेलो.

बायकोने दंडाला कडकडून चिमटा काढला. मला वाटलं, तिला भरून आलंय.

मग शमुवेल कानाशी लागला, "सर, आवरा की! पोरगी उपाशी हाय!"

आता आमच्याकडे प्रार्थना चालू असताना कुणी हळूच कानात सांगितलं, तर तो प्रार्थनेचा विषय असतो. मी लगेच घेतला. "आणि हे प्रभू, या जगात जे जे उपाशी आहेत, तहानेले आहेत, त्यांच्या मुखी आत्ता, या क्षणी घास पडू दे!"

"आमीऽऽन!"

सगळं घर असं काही गरजलं की दचकून माझे डोळे उघडले. समोर मुबीना. ओठांना टेकलेला खजूर आणि माझ्यावर रोखलेले दोन मोठे डोळे. सगळा प्रकार माझ्या डोक्यात एकदम शिरला. मी कसंबसं "आमेन" म्हटलं आणि तिने खजूर खाल्ला. दादीने डोळे पुसत तिला घोटघोट सरबत पाजलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट शेख सरांनी आधी माझ्या ताटात भजी वाढली आणि मग ते स्वतः पाणी प्यायले.

मी भजी तशीच ठेवून तिच्याकडे वळलो. "बेटा, तू खाल्लं का नाहीस गं?"

"अंकल, तुमे अल्ला से बातां कर रए थे ना? बीच में कैसा खाना?"

मला खरंच रडू आलं. मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, पण मी देवाशी बोलतोय यावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता. कदाचित मीसुद्धा नाही.

मग तिथेच सतरंज्या अंथरून त्यांनी नमाज पढली. मागच्या रांगेत दादीला खेटून मुबीना. सगळ्यांची कपाळं एकाच वेळी जमिनीला टेकली, तेव्हा त्या खोलीत पंख्याचाही आवाज मोठा वाटला. मी भिंतीपाशी बसून, डोळे सताड उघडे ठेवून ते पाहिलं. पाचेक मिनिटांत संपलंसुद्धा, आणि काही राहून गेलं असं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मला प्रार्थनेला उभं केलं. डोळे मिटले, तर समोर ती मुलगी आणि तो खजूर. मी दीड मिनिटात आवरलं. "आमेन!" म्हणालो आणि डोळे उघडले.

कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना खाली, संपूर्ण शांतता. माझा ऊर भरून आला. इतकी छोटी प्रार्थना आणि इतका परिणाम!

बायकोने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "अजून पंधरा मिनिटं आहेत असं समजून सगळे झोपलेत!"