खुंटीवरची माळ

देव आपल्याला विसरला, असं दोन वर्षांपूर्वी मी ठामपणे म्हणत होतो. विसरलो होतो मी, पण माझा स्वभावच असा, की खापर आधी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं आणि मग विचार करायचा. भातकुलीत माझं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. तांब्याची बारीक तार बोटांनी भरायची असते, हात हलला की काम बिघडतं. माझा हात दहा वर्षं दारूनं हलत होता. आणि दारू मी प्यायचो ती जीव घाबरा होऊ नये म्हणून. काही कारण नसताना छातीत धडधड व्हायची, आता काहीतरी वाईट होणार असं वाटायचं. दोन घोट पोटात गेले की तेवढ्यापुरतं थांबायचं.

शेवटी बायकोनं मला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा मनाचा आजार आहे, बरा होतो, मात्र मी सांगेपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्याच महिन्यात अकोल्याच्या एका कीर्तनकार महाराजांच्या हातून मी तुळशीची माळ घातली. आमच्याकडे माळ घातलेला माणूस दारू-मटणाला शिवत नाही आणि गावही त्याला आग्रह करत नाही. चार महिने फार सुखाचे गेले. पण गंमत पाहा, दहा वर्षं दारू चौकात बसून प्यायलो आणि गोळी मात्र मोरीत लपून खायचो. लोक येडा म्हणतील ना! त्यात डोक्यात शिरलं, की गळ्यात माळ असताना गोळी खाणं म्हणजे पांडुरंगावर अविश्वास. मोठा आलो भक्त. गोळ्या बंद केल्या आणि कुणाला सांगितलंही नाही.

तीन आठवड्यांत झोप उडाली, धडधड परत आली. एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो, माळ काढली, डोळ्यांना लावली, देवघराशेजारच्या खुंटीला नीट टांगली आणि प्यायला गेलो. गळ्यात माळ ठेवून प्यायलो तर देवाचा अपमान होतो, हे मला बरोबर ठाऊक होतं. दोन दिवस मी असा देवाचा मान राखला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शुद्धीवर आलो तर बायको पिशवी भरत होती. ती भांडणारी बाई नाही. तिनं खुंटीकडे पाहिलं.

“माळ टांगून ठेवता, तसं मले अन् पोरीले बी टांगून ठेवलं तुमी,” ती म्हणाली. “सोमवारी मी माहेरी चालली. मंग परत येत नाही.”

मला राग आला, तोही देवावरच. माळ खिशात टाकली आणि महाराजांना परत करायला निघालो. घ्या तुमची, मला झेपत नाही, असं सांगणार होतो. बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईतो अंग घामानं भिजलं, हात आवरेना. बाहेर कुठंतरी दुकान असेलच, या एका विचारानं मी खाली उतरलो. पण पायांत त्राणच नव्हतं. फलाटावरच्या बाकावर बसकण मारली.

शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी कापडी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांदेखत एक गोळी पाण्याबरोबर घेतली. पट्टी मी लगेच ओळखली, माझीच गोळी होती ती. मी टक लावून बघत राहिलो. त्यांनी माझा हात पाहिला, मग मान पाहिली. उन्हानं रापलेल्या मानेवर माळेचा फिकट वळ उरला होता.

“माळ कुठी ठेवली, भाऊ?” त्यांनी विचारलं.

मी खिशावर हात ठेवला आणि भर फलाटावर ढसाढसा रडलो. ते निवृत्त पोस्टमन होते. सात वर्षांपूर्वी दारू सोडली होती. दर शनिवारी ते एसटीनं अकोल्याला, दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला जात, त्या दिवशी एसटी चुकली म्हणून स्टेशनवर आले होते. “मी बुद्धाच्या वाटेचा माणूस, माळेतलं मले समजत नाही,” ते म्हणाले. “पण एकट्यानं सुटत नाही, एवढं समजते.” मला न विचारताच त्यांनी माझा दंड धरला आणि पुढच्या गाडीत बसवलं.

अकोल्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा जण बसले होते, दोन बायाही होत्या. मी खाली मान घालून खुंटीची हकीकत सांगितली. आता शिव्या बसतील असं वाटलं, तर सगळे हसले. तिघांनी अगदी तसंच केलं होतं, एकानं तर माळ देव्हाऱ्यात ठेवून वर फूल वाहिलं होतं. मीही हसलो. किती महिन्यांनी हसलो, देव जाणे. मग कोपऱ्यातली म्हातारी मला म्हणाली, “देवाले घरी टांगून गेला, तं तिथी गुत्त्यावर तुयासंग कोण होतं रे, बाबू?” बैठकीतल्या लोकांनी तिथूनच माझ्या डॉक्टरांना आणि बायकोला फोन लावला. माझ्या हातानं ते झालं नसतं.

सोमवारी बायको माहेरी न जाता माझ्याबरोबर दवाखान्यात आली. भरलेली पिशवी मात्र तिनं सहा महिने रिकामी केली नाही, आणि तो तिचा हक्कच होता. पुढच्या एकादशीला महाराजांनी माळ पुन्हा माझ्या गळ्यात घातली. आता ती तिथंच असते. खुंटीला गोळ्यांची पट्टी टांगलेली असते, आल्यागेल्याला दिसेल अशी. रात्री जेवण झालं की बायको पाण्याचा पेला पुढं करते. त्या दिवशी पोस्टमनची एसटी का चुकली, याचा शोध मी घेत नाही. हात जोडतो आणि गोळी घेतो.

मागच्या शनिवारी बैठकीत एक नवा माणूस दाराजवळच बसला. हात खिशात, कपाळावर घाम, मानेवर फिकट वळ. मी सरकून त्याच्याजवळ बसलो आणि हळूच विचारलं, “कोणत्या खुंटीले टांगली, भाऊ?”