हळू सायकल

१९९८ सालच्या बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी, कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीसमोरच्या मैदानात, हळू सायकलच्या शर्यतीत माझ्या वडिलांचा पाय जमिनीला टेकला. शेवटची रेषा हातभर राहिली होती.

या शर्यतीत सर्वांत मागे राहणारा जिंकतो. पाय टेकला की बाद, चुन्याच्या रेषेबाहेर चाक गेलं तरी बाद. वडिलांना ही चाल अंगवळणी पडलेली होती. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांमागून त्यांनी अनेक वर्षं अशीच सायकल चालवली होती.

आदल्या वर्षी ते सायकलवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. प्लास्टर निघालं, तरी आई त्यांना सायकलला हात लावू देत नव्हती. कामावर बसने जा, सायकल गडमुडशिंगीला मामाच्या पोराला देऊन टाका, असं तिचं म्हणणं. शेवटी ठरलं, की शर्यत पुरी केली तर सायकल घरात राहील.

"पाय टेकला तर मग कुरकुर चालायची न्हाय," आईने बजावलं.

"टेकतोय कशाला?" वडील म्हणाले.

शर्यतीत बाकीचे एकेक करून बाद झाले. वडील एकटेच उरले. आता सरळ पुढे जायचं तेवढं बाकी होतं. पण हँडल डावी-उजवीकडे वळवत ते तसेच इंच इंच सरकत राहिले. तेवढ्यात गडमुडशिंगीहून मामा आला. गर्दीतून त्याने मोठ्याने हाक दिली, "जय भीम, दाजी!"

वडिलांनी हँडल सोडून हात वर केला. "जय भीम!" म्हणाले आणि कलंडले.

गर्दी हसली. "पावणं, सायकल न्यायलाच आलाय की!" कोणीतरी ओरडलं. मामाला या अटीचं काहीच माहीत नव्हतं. कळल्यावर तो खाली बघत उभा राहिला.

वडिलांनी सायकल उचलली, चाकाची माती झटकली आणि मामासमोर नेऊन उभी केली. "ने. ठरलंय तसं."

आई पुढे आली. भावाकडे तिने एकदाच पाहिलं.

"पाय ह्यानं टेकवलाय, तुम्ही न्हाय," ती वडिलांना म्हणाली. "जय भीम केल्यावर काय गप बसायचं व्हय माणसानं?"

मामा जेवून शेवटच्या बसने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील सायकलवरून कामावर गेले. जेवणाचा डबा आईने हँडलला अडकवून दिला होता.