टोपलीखालचा तळवा

प्रताप नगरातल्या जनावरांच्या दवाखान्यात एक बाई माझ्या शेजारी बसली होती. रस्त्यावरची मांजर, कायमचं घर मिळेपर्यंत तिनं सांभाळायला आणलेली. मांडीवर त्या मांजरीची टोपली, आणि धक्का लागू नये म्हणून टोपलीच्या बुडाशी तळवा.

"पोट वाढून राहिलं, पण आचळं गुलाबी नाही झाली. असं असते का ताई?"

पिल्लांसाठी घरी जुनी साडी अंथरून खोकं तयार ठेवल्याचं तिनंच सांगितलं.

ती आत गेल्यावर डॉक्टरांचं बोलणं बाहेर ऐकू आलं. पिल्लं नाहीत, पोटात पाणी झालंय, फार दिवस काढणार नाही.

ती बाहेर आली. तळवा तिथंच होता. ऑटोत बसताना ड्रायव्हरला म्हणाली, "हळू चालवजा भाऊ, पोटुशी आहे ते."